फक्त पाच दिवस

आमच्याकडं येणारं गिऱ्हाईक औषधाचं नाव सहसा सांगत नाही, रिकामं पाकीट दाखवतं. कात्रीनं कापलेला, कोपरा दुमडलेला चंदेरी तुकडा काउंटरवर ठेवायचा आणि म्हणायचं, "ही द्या." निम्मं नाव कापतानाच गेलेलं असतं. उरलेल्या दोन-चार अक्षरांवरून, गोळीच्या खळग्याच्या आकारावरून आम्ही औषध ओळखतो. कृष्णाकाठच्या या तालुक्याच्या गावात मी अठ्ठावीस वर्षं मेडिकल चालवतो आहे. त्यातली पहिली वीस वर्षं असला तुकडा हातात आला की मी फक्त एवढंच बघायचो, की माल आहे का आणि किती द्यायचा. तुकडा आणणारा माणूस कितव्यांदा आलाय, हे मी मोजत नव्हतो. त्याबद्दलच लिहायचं आहे.

आक्का आमच्याच गल्लीतल्या. ब्लाउज शिवण्यात त्यांचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं. नवरा अकाली गेला, मशीनवर त्यांनी दोन पोरी शिकवल्या. २०१२ च्या दिवाळीआधी त्यांची कंबर धरली. डॉक्टरांनी फोटो काढायला लावला, "मणक्यात गॅप आहे" म्हणाले आणि पाच दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या. सकाळी एक, रात्री एक. ट्रॅमाडॉल ३७.५ मिलीग्रॅम आणि पॅरासिटामॉल ३२५ मिलीग्रॅम अशी जोडगोळी. चिठ्ठीत वावगं काही नव्हतं. दुखणं खरं होतं, औषध योग्य होतं, मुदतही लिहिली होती. दिवाळी तोंडावर आलेली, मशीनशेजारी कापडांची चळत लागलेली. गोळीनं आक्का तिसऱ्या दिवशी मशीनवर बसल्या.

सहाव्या दिवशी त्या तुकडा घेऊन आल्या. "दादा, लई गुण आला बघा. आनि एक पाकीट द्या." मी दिलं.

त्या काळी आमच्या धंद्यात ही गोळी फार सज्जन समजली जायची. कंपन्यांचे एमआर यायचे, ते डॉक्टरांना सांगायचे तेच आम्हालाही सांगायचे. डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्यांनी जठराला जखमा होतात, किडनीवर ताण येतो, म्हाताऱ्या माणसांना त्या जास्त दिवस देता येत नाहीत. हिचं तसं काही नाही. मॉर्फिनच्या कुळातली म्हणाल तर लांबची, तिची सवय लागत नाही. हे शेवटचं वाक्य आम्ही सगळ्यांनी ऐकलं आणि त्यावर विसंबलो. मीही गिऱ्हाइकाला छातीठोकपणे सांगितलं आहे, "घ्या, काही होत नाही." ही वाक्यं आज आठवली की मला त्रास होतो, कारण ती माझ्याच तोंडची आहेत.

ट्रॅमाडॉल मूळचं जर्मनीचं. तिकडं ते १९७७ साली बाजारात आलं. पोटात गेल्यावर यकृत त्यातल्या काही भागाचं दुसरं एक रसायन बनवतं, आणि अफू, मॉर्फिन मेंदूत ज्या जागी जाऊन बसतात तिथंच ते मूळ औषधापेक्षा कितीतरी घट्ट बसतं. शिवाय मूळ औषध मेंदूतलं सेरोटोनिन आणि नॉरएपिनेफ्रिन वाढवतं. उदासपणावरच्या काही गोळ्यांचं काम याच वाटेनं चालतं. म्हणजे एका गोळीत दोन औषधं: एक दुखणं दाबणारं, दुसरं मनाला उभारी देणारं. कंबर दुखायची थांबते आणि वर हलकं वाटतं, तरतरी येते, रात्री दोनपर्यंत हात चालतो. काहींच्या यकृताला हे रूपांतर फारसं जमत नाही, त्यांना गोळीचा गुणच येत नाही. काहींचं यकृत ते झपाट्यानं करतं, त्यांना एकाच गोळीत गुंगी येते. बाहेरून बघून कोण कुठला, हे सांगता येत नाही. काउंटरवर तर नाहीच नाही.

आक्का दोनावरून तीनावर कधी गेल्या, तीनावरून पाचावर कधी, मला सांगता येणार नाही. पाकीट दहा गोळ्यांचं. आधी ते पाच दिवस जायचं, मग तीन, मग दोन. लगीनसराईत जास्त, पावसाळ्यात कमी. मधे कधीतरी त्यांनी तुकडा आणणंच सोडलं. आल्या की मी ड्रॉवर उघडायचो.

१ मार्च २०१४ पासून औषध नियमांचं एच-वन हे नवं परिशिष्ट लागू झालं. ट्रॅमाडॉल त्यात होतं. पाकिटावर तांबडी चौकट आली. चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही. दिलं तर वेगळ्या रजिस्टरमध्ये डॉक्टरांचं नाव, पेशंटचं नाव, औषध, नग, सगळं लिहायचं आणि ते रजिस्टर तीन वर्षं सांभाळायचं. मी रजिस्टर आणलं, रेघा मारल्या. आक्कांच्या नावापुढं मी त्यांची जुनीच चिठ्ठी लिहीत राहिलो. ज्या डॉक्टरांनी पाच दिवस लिहिले होते, त्यांच्या नावावर मी चार वर्षं गोळ्या दिल्या. गल्लीतलं माणूस, ओळखीचं, रात्रंदिवस कष्ट करणारं, उधारी न ठेवणारं. अशा माणसाला "चिठ्ठी आणा" कसं म्हणायचं, या भिडेपोटी मी ते केलं. भीड हे कारण झालं, सबब नव्हे.

खरं सांगायचं तर व्यसनी माणसाचं माझ्या डोक्यातलं चित्रच वेगळं होतं. आमच्या पिढीनं व्यसन म्हणजे दारू पाहिली, आणि ऐंशीच्या दशकात वर्तमानपत्रांतून गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, वाचली. डॉ. अनिल आणि डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ साली पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं ते गर्दच्या लाटेतच. दुकानात येणाऱ्यांतही मला चटकन ओळखू यायची ती पोरं. तीन-तीनच्या टोळक्यानं येणारी, एक आत, दोघं मोटरसायकलवर, खोकला अजिबात नसताना कोडीनचं सिरप मागणारी, बाटलीचं नाव घेताना नजर रस्त्याकडं ठेवणारी. त्यांना मी पहिल्यापासून हाकलत आलो आणि त्याचा मला अभिमानही होता. आक्का नजरेला नजर देऊन मागायच्या. पदर खोचलेला, बोटात अंगुस्तान, गळ्यात टेप. या बाईला आणि त्या पोरांना जखडणारी साखळी एकाच लोखंडाची आहे, हे माझ्या डोक्यात शिरत नव्हतं.

एकदा मात्र ठोकर बसली होती. गाळप हंगामात ऊस वाहणारा एक ट्रॅक्टरवाला झोप येऊ नये, अंग ठणकू नये म्हणून ट्रॅमाडॉलच्या कॅप्सूल खायचा. ५० मिलीग्रॅमची एक, अशा बारा दिवसाला. म्हणजे ६०० मिलीग्रॅम. या औषधाची दिवसाची कमाल मर्यादा ४०० आहे आणि तिच्या वर आकडी येण्याचा धोका वाढतो. कारखान्याच्या काट्यावर नंबर लागायची वाट बघताना त्याला आकडी आली. ट्रॅक्टर बंद होता म्हणून माणसं वाचली. त्याच्या खिशातली पाकिटं माझ्या दुकानातली नव्हती, एवढ्यावर मी समाधान मानलं. दुसऱ्या दिवशी आक्कांना पाकीट देताना माझा हात अडखळला नाही.

मग २०१८ चा एप्रिल आला. २६ तारखेच्या अधिसूचनेनं केंद्र सरकारनं ट्रॅमाडॉल अमली पदार्थांच्या कायद्याखाली घेतलं. आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकच गलका उडाला. होलसेलरनं माल थांबवला. कुणी म्हणे जामीन होत नाही, कुणी म्हणे लायसन्स जातं. मी होता तेवढा साठा परत केला आणि ड्रॉवर मोकळा केला. सुटल्यासारखं वाटलं. आता कुणाला नाही म्हणायला कायद्याचं बळ होतं.

आक्का आल्या त्या मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात. ऐन लगीनसराई. मी म्हणालो, "आक्का, ती गोळी आता बंद झाली. सरकारनं बंदी घातलीय." खरं तर बंदी नव्हती, रीतसर चिठ्ठीवर ती मिळतच होती. पण सगळं समजावत बसण्यापेक्षा "बंदी" हा शब्द सोपा पडला. त्या काही क्षण तशाच उभ्या राहिल्या. "एकबी न्हाई?" "एकही नाही." साधं पॅरासिटामॉल आणि मलम दिलं. आक्का पिशवी न उचलताच निघाल्या. मी दुकानातल्या पोराला पिशवी घेऊन मागं धाडलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांची धाकटी मुलगी दुकानात आली. आईला दोन दिवस जुलाब होतायत, उलट्या होतायत, झोप नाही, पाय आपटत राहते. उन्हाचा त्रास म्हणून जवळच्या दवाखान्यात सलाइन लावलं होतं, उतार नव्हता. जुलाबाची गोळी मागायला ती आली होती. मी गोळी काढता काढता थांबलो. "पाय आपटते" हे शब्द कानात अडकले. दुकान पोरावर टाकून तिच्याबरोबर गेलो.

आक्का मशीनच्या खोलीतच सतरंजीवर पडल्या होत्या. बाहेर चाळीसच्या पुढचं ऊन. पत्र्याचं छप्पर तापलेलं, पंखा गरम हवा फेकत होता. आणि त्या अंगावर गोधडी घेऊन कुडकुडत होत्या. मला बघून त्यांनी हात बाहेर काढला, तर त्या हातावर काटा आलेला, लव ताठ उभी. डोळ्यांतून, नाकातून पाणी. रडणं नव्हतं ते, नळ गळावा तसं नुसतं वाहत होतं. त्या बोलू लागल्या आणि मध्येच जांभई आली. ती संपते न संपते तोच दुसरी, मग तिसरी, जबडा मोडेल अशी. दोन रात्री डोळ्याला डोळा नाही आणि जांभया थांबत नाहीत. मी वाकून डोळे बघितले. दारातून भर उजेड येत होता, तरी बाहुल्या मोठ्या झालेल्या होत्या.

डी.फार्मच्या पुस्तकात ही यादी आहे. जांभया, नाक-डोळे वाहणं, अंगावर काटा, घाम, रुंद बाहुल्या, पोटात पीळ, जुलाब, अंग मोडून येणं, झोप उडणं. परीक्षेला मी ती लिहिलीही होती. अफूवर्गीय पदार्थ तुटल्यावरची लक्षणं, पाच गुणांसाठी. गर्दवाली पोरं त्याला टर्की म्हणतात. आक्कांना टर्की लागली होती, आणि त्यांना अमली पदार्थ हा शब्दही ठाऊक नव्हता.

त्यांचं म्हणणं साधं होतं. "दादा, कंबार परत धरली बघा. गोळी सुटली आनि दुखनं दुप्पट झालं. म्हंजे गोळीच लागती की नव्हं मला?"

या वाक्यात हे व्यसन सगळंच्या सगळं सामावलेलं आहे. गोळी तुटली की अंग दुखतं. कंबर, पिंढऱ्या, सांधे, सगळं मोडून येतं. ज्याची कंबर मुळात दुखत होती तो माणूस याला आपलं जुनं दुखणंच समजणार. गोळी घेतली की तासाभरात ते थांबतं, आणि गोळीवाचून आपलं चालत नाही याचा त्याला पुरावा मिळतो. मूळ दुखणं कधीच निम्म्यावर आलेलं असेल. पण रोज पहाटे गोळीचा अंमल उतरला की नवं दुखणं जुन्याच्या नावानं दार वाजवतं. या औषधाचा अंमल पाच-सहा तासांचा. आक्का पहाटे चारला उठून पहिली गोळी घ्यायच्या, हे मला त्या दिवशी कळलं. साडेपाच वर्षं त्या कंबरेसाठी म्हणून जे खात होत्या, त्यातलं किती कंबरेसाठी होतं आणि किती आदल्या गोळीचं देणं फेडण्यासाठी, हे त्यांना कळायला मार्गच नव्हता. मला होता.

मुलीनं बाजूला घेऊन आणखी एक सांगितलं. आई रात्री म्हणत होती, अंगावर मुंग्या चालतायत, गादी झटक. दाराशी कुणीतरी उभं आहे म्हणत होती. घरच्यांना वाटलं, लागीर झालं. ट्रॅमाडॉलचं हे एक निराळंच आहे. अफूच्या नेहमीच्या लक्षणांखेरीज काही जणांना भास होतात, जबर घबराट होते, कातडीखाली काहीतरी वळवळल्यासारखं वाटतं. एका गोळीत दोन औषधं आहेत म्हटलं ना, तुटतानाही दोन्ही एकदम तुटतात.

मी त्या खोलीत बराच वेळ बसून राहिलो. साडेपाच वर्षं "घ्या" म्हणालो ती माझी चूक होतीच. पण तीन दिवसांपूर्वी "एकही नाही" म्हणालो, तीही तेवढीच मोठी चूक होती. रोज दहा गोळ्या खाणाऱ्या बाईला मी एका वाक्यात शून्यावर आणलं होतं आणि वर सुटल्याचा श्वास घेतला होता. त्या महिन्यात राज्यात, देशात किती काउंटरांवर असंच झालं असेल, त्याचा विचार माझ्या मनातून अजून जात नाही. कायदा आणला ते बरोबरच झालं, माझं त्याबद्दल दुमत नाही. पण ड्रॉवर मोकळा करताना, हा माल रोज खाणारी माणसं उद्या कुठं जातील, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मिरजेला एका मानसोपचारतज्ज्ञांकडे त्यांना नेलं. आक्का आत जायला तयार नव्हत्या. "मी काय येडी हाय व्हय?" मुलगी रडायला लागली. शेवटी मी म्हणालो, "आक्का, मी येतो आत. चूक माझीपण आहे, ती मीच सांगतो." त्या गप झाल्या आणि उठल्या.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "दिवसाला किती?" आक्का म्हणाल्या, "दोन-तीन." डॉक्टर काहीच बोलले नाहीत, पेन खाली ठेवून शांत बसले. त्यांनी मान हलवली नाही की डोळे मोठे केले नाहीत. मिनिटभरानं आक्काच खाली बघत म्हणाल्या, "धा. लग्नाच्या टायमाला बारा." ती शांतता मी त्यांच्याकडून उचलली. आजही वापरतो.

दहा गोळ्या म्हणजे ३७५ मिलीग्रॅम ट्रॅमाडॉल, आणि त्यासोबत सव्वातीन ग्रॅम पॅरासिटामॉल, रोज, वर्षानुवर्षं. बारा म्हणजे ट्रॅमाडॉल कमाल मर्यादेच्याही पुढं आणि पॅरासिटामॉल जवळजवळ चार ग्रॅम. डॉक्टरांनी आधी यकृताच्या तपासण्या केल्या. सुदैवानं त्या ठीक आल्या. मग त्यांनी जे केलं ते मला अपेक्षित नव्हतं. त्यांनी ट्रॅमाडॉल पुन्हा सुरू केलं. पॅरासिटामॉल वगळून साध्या ५० मिलीग्रॅमच्या गोळ्या, दिवसाला सहा, ठरावीक वेळी. दर पंधरा दिवसांनी एक कमी. "एकदम तोडलं तर शरीर बंड करतं, माणूस मिळेल तिथून मिळवतो. जिन्यानं उतरवू," ते म्हणाले. ज्यांचं प्रमाण फार मोठं आहे, ज्यांना असं उतरणं जमत नाही, त्यांच्यासाठी ब्युप्रेनॉर्फिनसारखी औषधं असतात, व्यसनमुक्ती केंद्रात देखरेखीखाली दिली जातात. आक्कांना त्याची गरज पडेल असं त्यांना वाटत नव्हतं. आणखी एक गोष्ट त्यांनी मुलीला दोनदा बजावून सांगितली. कमी झाल्यावर कधी मोह झाला आणि जुन्या मापानं दहा गोळ्या खाल्ल्या, तर शरीराची ती झेपण्याची ताकद गेलेली असते. श्वास मंदावून जिवावर बेतू शकतं.

चिठ्ठी एका आठवड्याचीच. गोळ्या माझ्याकडून, दर सोमवारी. मी रीतसर माल मागवला, रीतसर नोंदी केल्या. त्या रजिस्टरमधली आक्कांच्या नावाची ही पहिली खरी नोंद.

दर सोमवारी मी कात्रीनं पाकीट कापून मोजून गोळ्या द्यायचो आणि आक्का त्यांची वही काढायच्या. मापाची वही ती. लांबट, तांबड्या पुठ्ठ्याची. डाव्या बाजूला गिऱ्हाइकाचं नाव, पुढं छाती, कंबर, बाही, मुंढा, गळा. तिच्यातच मागून त्यांनी गोळ्यांची पानं काढली होती. आडव्या ओळीत वार, उभ्या रेघेत वेळा, घेतली की फुली. इंच-सूत लिहिणारा हात तो, फुल्यासुद्धा एका मापाच्या. एका सोमवारी पानावर दोन फुल्या जास्त होत्या. मी विचारायच्या आत त्या म्हणाल्या, "बुधवारी ऱ्हावलं न्हाई. शेजारच्या गावात मिळाली. दुप्पट पैशानं." वहीत लिहिलं नसतं तर मला कळलं नसतं. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, खाली जायची घाई नको, याच पायरीवर आणखी पंधरा दिवस थांबू. रागावले नाहीत. मीही नाही.

कंबर मात्र खरोखर दुखत होती, तिचं काय? हा प्रश्न मुलीनं धरून ठेवला, हे तिचं श्रेय. फिजिओथेरपिस्ट घरी आले, त्यांनी आक्कांना मशीनवर बसायला सांगितलं आणि दहा मिनिटं नुसतं बघत राहिले. बुटका स्टूल, पुढं वाकलेली पाठ, पायडल मारणारा उजवा पाय, रोज दहा-बारा तास. मशीनला मोटर बसवली. स्टूल काढून पाठ असलेली खुर्ची आणली, मशीनच्या पायांखाली लाकडाचे ठोकळे घातले. तासातून एकदा उठायचं, पाठीचे चार व्यायाम करायचे. सगळा खर्च साधारण वर्षभराच्या गोळ्यांएवढा आला. हे २०१२ सालीच होऊ शकलं असतं.

शेवटची गोळी सगळ्यात जड गेली. एकाची अर्धी, अर्धीची दिवसाआड. त्या अर्ध्या तुकड्यात औषध असं कितीसं असणार, पण तो सोडायला आक्कांना महिना लागला. झोप त्यानंतरही कितीतरी आठवडे येत नव्हती. पहाटे चारला त्यांना जाग यायची, पहिल्या गोळीच्या वेळेला. त्या उठून चहा करायच्या आणि मशीनवर बसायच्या. गल्लीत पहाटे मोटरचा आवाज यायला लागला.

पुढच्या वर्षी, २०१९ मध्ये, दिल्लीच्या एम्सनं केंद्र सरकारसाठी केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल आला. दहा ते पंचाहत्तर वर्षांच्या लोकांत अफूवर्गीय पदार्थ घेणारे सुमारे २.१ टक्के, म्हणजे सव्वादोन कोटी माणसं. त्यातला एक आकडा मी पुन्हा पुन्हा वाचला. अफू घेणारे ०.५२ टक्के, आणि औषधांच्या रूपात मिळणारे पदार्थ घेणारे ०.९६ टक्के. अफूच्या रूपात जेवढ्यांना मिळतं, त्याच्या जवळजवळ दुप्पट लोकांना ते पाकिटातून, बाटलीतून, सुईतून मिळतं. कारखान्यात बनलेलं. त्यातलं किती आमच्यासारख्या काउंटरवरून गेलं असेल, ते त्या अहवालात शोधण्याची मला गरज नव्हती.

माझा भाचा ब्रिटनमध्ये असतो. एकदा येताना त्यानं तिकडची डोकेदुखीची गोळी आणली होती, तिच्यात थोडं कोडीन होतं. तिकडं ती चिठ्ठीशिवाय मिळते. पण खोक्यावर समोरच, ठळक अक्षरांत लिहिलेलं: व्यसन लागू शकतं, फक्त तीन दिवस वापरा. २००९ पासून तिथं हा इशारा सक्तीचा आहे. ऑस्ट्रेलियानं तर २०१८ च्या फेब्रुवारीत कोडीनची चिठ्ठीविना विक्री बंदच केली. ते रिकामं खोकं मी दुकानात ठेवून घेतलंय. आमच्या पाकिटावरची तांबडी चौकट इंग्रजीत असते, मुंगीएवढ्या अक्षरांत, आणि कापताना बहुतेक वेळा तीच कापली जाते. म्हणून मी आता अशी कुठलीही गोळी, अर्थात चिठ्ठीवर, देताना कागदाच्या पाकिटावर पेननं मोठ्या अक्षरांत मराठीत लिहितो: "फक्त ५ दिवस. यानंतर दुखलं तर डॉक्टरांकडे. मनानं घेऊ नका." ज्यांना वाचता येत नाही त्यांना तोंडी सांगतो. खाली १४४४६ हा व्यसनमुक्तीचा सरकारी हेल्पलाइन नंबर. काही डॉक्टरांना ते आवडत नाही. एकानं फोन करून विचारलं, "तुम्ही माझ्या पेशंटला घाबरवता का?" मी त्यांना आक्कांची गोष्ट सांगितली, नाव न घेता. त्यांनी ऐकून घेतली.

आणि दुकानात एक स्टूल ठेवलाय, काउंटरच्या आतल्या बाजूला. कुणी चौथ्यांदा, पाचव्यांदा तोच तुकडा घेऊन आलं की मी त्याला आत बोलावतो. नुसतं नाही म्हणून परत धाडत नाही.

गेल्या महिन्यात दुपारी, दुकानात गर्दी नसताना, एक पस्तिशीची बाई आली. वीटभट्टीवर काम करणारी असावी, हाताला तांबडी माती. पदराच्या गाठीतून चंदेरी तुकडा काढला, काउंटरवर ठेवला. मी तो उचलायच्या आत म्हणाली, "आक्कांनी धाडलंय. म्हनाल्या, त्यास्नी समदं खरं सांग."

मी स्टूल पुढं ओढला. ती बसली.

"दिवसाला किती घेताय, ताई?"

"दोन."

मी पेन खाली ठेवलं. बाहेर उसाचा ट्रॅक्टर गेला, त्याचा आवाज पार लांब जाईपर्यंत आम्ही दोघं गप्प होतो.

"सात," ती म्हणाली. "कवा आठ."